काहीच येत नसताना गुरू कसा निवडायचा?

मनिलात फिलिपिनो युद्धकला शिकवणारी शाळा शोधणं म्हणजे कोल्हापुरात तांबडा-पांढरा शोधण्याइतकं सोपं काम, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोबाईलवर नकाशा उघडला की आधी बॉक्सिंगच्या जिम दिसतात. मग मुआय थाय, तायक्वांदो, ब्राझिलियन जिउजित्सू, सगळं मॉलच्या वरच्या मजल्यांवर, एसीत, काचेच्या भिंतीआड. २००९ साली या देशानं कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. नकाशावर मात्र आर्निसचे ठिपके तुरळक, आणि त्यातले काही पत्त्यावर गेल्यावर बंद. ऑफिसात विचारलं तर बरेच जण म्हणतात, "हो, शाळेत पीटीच्या तासाला शिकलो होतो की." आता कुठे शिकवतात म्हटलं, की खांदे उडवतात.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही. मर्दानी खेळांचा अभिमान आमच्याकडे प्रत्येकाला असतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरायला लागला की सगळे मोबाईल वर करतात. पण तो शिकायला नेमकं कुठे जायचं, हे विचारलं की असेच खांदे उडतात. बोर्ड नसतो. कुणीतरी कुणाला तरी ओळखत असतं आणि त्या ओळखीनं तुम्ही तालमीच्या दारात पोचता.

मी इथे एका प्रोजेक्टवर दीड वर्षासाठी आले. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे शिफ्ट पहाटे चारला सुटते. मकातीतल्या ऑफिसपासून खोलीपर्यंत चालत बारा मिनिटं. एकदा त्या बारा मिनिटांत एक माणूस बराच वेळ मागून चालत आला. झालं काहीच नाही, तो एका गल्लीत वळून गेला. पण तेव्हापासून ती बारा मिनिटं मी मोजायला लागले. आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. काहीतरी शिकायचं ठरवलं, आणि ज्या देशात राहतोय तिथलंच शिकावं असं वाटलं.

शोधाला लागल्यावर पहिला गोंधळ नावांचा होतो. आर्निस, एस्क्रिमा, काली. या तीन वेगळ्या कला असाव्यात असं वाटतं. बहुतेक वेळा ती एकाच कुळाची तीन नावं असतात. स्पॅनिशमध्ये तलवारबाजीला 'एस्ग्रिमा' म्हणतात, त्याचा इथला उच्चार एस्क्रिमा. आर्निस आलं 'आर्नेस'वरून, म्हणजे चिलखत. काली या नावाच्या उगमावर अजून वाद चालतात. अमेरिकेत तेच नाव जास्त रुळलंय. शिकवणाऱ्याला टागालोग भाषेत 'गुरो' म्हणतात. हा आपलाच गुरू, फार पूर्वी मलयच्या वाटेनं इथवर आलेला. हातातली काठी वेताची. कराटेत आधी रिकामे हात आणि शस्त्रं नंतर. इथे पहिल्याच दिवशी हातात काठी देतात. दोन काठ्या घेऊन जोडीदाराबरोबर करायच्या प्रकाराला सिनावाली म्हणतात, बांबूच्या विणलेल्या तट्ट्याच्या नावावरून. आणि बऱ्याच परंपरांमध्ये काठी ही पात्याच्या जागी धरलेली असते. म्हणजे तुम्ही काठी शिकताय असं वाटत असतं, पण शिकत असता ते पातं चालवायला.

या कलेला बोर्ड का नसतो, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे. ती गल्लीबोळात वाढली. सेबू बेटावर १९३२ साली दोसे पारेस हा क्लब निघाला. त्यातून बाहेर पडून वेनान्सियो बाकोन यांनी १९५२ साली वेगळा गट काढला. सेबूतल्या बालिंतावाक नावाच्या गल्लीत, एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे त्यांचा सराव चालायचा, म्हणून त्या शैलीचं नावच बालिंतावाक पडलं. मनिलाच्या तोंडो वस्तीत राहणाऱ्या आंतोनियो इलुस्ट्रिसिमो यांनी उतारवयापर्यंत शिष्य घ्यायचं टाळलं, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला शेतमजुरी करायला गेलेल्या फिलिपिनोंनी ही काठी सोबत नेली, पण ती आपसातच ठेवली. १९६६ साली आन्हेल काबालेस यांनी तिथे सगळ्यांसाठी अकादमी उघडली. त्याच स्टॉकटनमध्ये जन्मलेले डॅन इनोसांतो तुम्ही बहुधा पाहिलेत. 'गेम ऑफ डेथ'मध्ये ब्रूस लीसमोर दोन काठ्या घेऊन उभे राहतात ते. त्यांच्यामुळे ही कला लॉस एंजेलिसहून जगभर गेली. आज परदेशातल्या मोठ्या शहरांत ती जितकी ठळक दिसते, तितकी मनिलात दिसत नाही.

हे सगळं वाचून माझी माहिती वाढली. निवड काही सोपी झाली नाही. चार पत्ते हातात आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: यातला चांगला कोण, हे मला कसं कळणार?

ज्याची परीक्षा होतच नाही

ज्याला काही येत नाही त्याला चांगलं-वाईट ओळखता येत नाही, आणि ओळखता येत असतं तर शिकायची गरजच नसती. हा पेच सगळ्याच शिक्षणात असतो, पण बाकी ठिकाणी त्यातून वाट निघते. मला स्वयंपाक येत नसला तरी आमटी बिघडलीय हे जिभेला कळतं. गाडी चालवायला शिकवणारा वाईट असेल तर लायसन्सच्या चाचणीत दिसतं. डॉक्टर कसा आहे ते ताप उतरतो का यावरून थोडंफार समजतं.

स्वसंरक्षण शिकवणाऱ्याचं तसं नसतं. तो ज्या प्रसंगासाठी शिकवतो, तो बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात कधी येतच नाही, आणि येऊ नये हीच सगळ्यांची इच्छा असते. त्यामुळे त्याचं शिकवणं चुकीचं असलं तरी वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. विद्यार्थी खूश, फी वेळेवर, भिंतीवरची प्रमाणपत्रं वाढत जातात. आणि ज्या एखाद्या विद्यार्थ्यावर तो प्रसंग खरंच येतो, तो परत येऊन तक्रार करायच्या स्थितीत असेलच असं नाही.

हा प्रश्न इतका जुना आहे की प्लेटोनं त्यावर एक अख्खा संवाद लिहिलाय. नाव 'लाखेस'. दोन अथेनियन बाप आपल्या मुलांसाठी क्लास शोधतायत. चिलखत घालून लढायचं कसं, हे शिकवणाऱ्या एका माणसाचं प्रात्यक्षिक ते पाहून आलेत. मुलांना तिथे घालावं का, हे विचारायला त्यांनी निकियास आणि लाखेस या दोन सेनापतींना बोलावलंय. आर्निस या शब्दाच्या मुळाशी चिलखतच आहे हे आठवलं, तेव्हा मला हसू आलं.

निकियास म्हणतो, घाला. व्यायाम होईल, धीटपणा येईल. लाखेस म्हणतो, काही उपयोग नाही. हाच शिक्षक त्यानं खऱ्या लढाईत पाहिलाय. भाल्याला कोयता जोडून यानं स्वतःचं खास हत्यार बनवलं होतं. ते समोरच्या जहाजाच्या दोरखंडात अडकलं. जहाज पुढे निघालं आणि हा भाला धरून डेकवरून धावत सुटला. भाला हातातून सरकत सरकत शेवटचं टोक उरलं, आणि पायाशी कुणीतरी दगड भिरकावल्यावर यानं तेही सोडलं. दोन्हीकडची माणसं हसत सुटली. आज असा व्हिडिओ निघाला असता तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक ग्रुपवर आला असता.

एक मत बाजूनं, एक विरुद्ध. मग बाप सॉक्रेटिसला म्हणतात, आता तुझं मत निर्णायक. तो मत द्यायला नकार देतो. असल्या गोष्टी मतं मोजून ठरत नाहीत, ज्याला कळतं त्याच्या शब्दानं ठरतात. आणि आपल्याला कळतं असं म्हणणाऱ्यानं दोनपैकी एक गोष्ट दाखवावी: आपला गुरू कोण होता, किंवा आपल्या हातून कोण सुधारलं.

अडीच हजार वर्षं होत आली तरी आपण शिक्षक निवडताना याच दोन गोष्टी पाहतो. परंपरा आणि शिष्य. मी दोन्ही पाहायला निघाले.

भिंतीवरचे फोटो

परंपरा पाहणं सोपं असतं, कारण ती भिंतीवर टांगलेली असते. एका उंच इमारतीतल्या शाळेत अशी भिंत होती. ओळीनं फोटो, प्रत्येकात हेच सर कुणातरी प्रसिद्ध वृद्धाशेजारी काठी धरून उभे. खाली सही, तारीख, शिक्का. चाकूपासून बचावाचा सहा आठवड्यांचा कोर्स होता.

सर अस्खलित बोलत होते आणि हात विजेसारखे चालत होते. त्यांनी मला समोर उभं केलं, रबरी चाकू दिला, आणि पोटाकडे वार करायला सांगितलं. मी केला. त्यांनी माझं मनगट वळवलं की चाकू खाली पडायला हवा होता. पण मी मूठ सोडली नाही. मुद्दाम अडवणूक करायची म्हणून नव्हे. रस्त्यावरचा माणूस काही आपणहून सोडणार नाही, एवढं साधं ते होतं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा चाकू हातातच. तिसऱ्या वेळी त्यांनी दुसऱ्या हातातल्या काठीनं माझ्या दंडावर जोरात फटका मारला, चाकू पडला, आणि सगळ्यांकडे पाहून ते म्हणाले, "बघा, चालतं." दंडावरचा वळ आठवडाभर होता.

मला त्या फटक्याचं फार वाईट वाटलं नाही. शिकायला आलेल्याला थोडंफार लागणारच. खटकलं ते दुसरंच. मी जे केलं तो त्या खोलीत विचारला गेलेला एकमेव खरा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून शिक्षा मिळाली. समोर बसलेल्या पंधरा जणांनी त्यातून काय घेतलं? की सरांची युक्ती चालते, आणि मूठ सोडायची नाही असं इथे करायचं नाही.

त्या पंधरांमधल्या एखाद्यावर उद्या खरा चाकू आला तर तो काय करेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. कोर्स केला नसता तर तो पळाला असता, किंवा पाकीट काढून दिलं असतं. आता तो थांबेल. मनगट धरायला हात पुढे करेल. गाण्याचा वाईट मास्तर तुमचे पैसे आणि शेजाऱ्यांची झोप घालवतो. असा मास्तर मात्र तुमची भीती काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. ती भीती तुमच्या कामाची होती. म्हणून खोटा आत्मविश्वास विकणं मला निव्वळ अकौशल्य वाटत नाही, तो नैतिक गुन्हा वाटतो, भले विकणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास असो. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, त्यानं आपला शब्द तपासून पाहायला हवा. तो तपासायची संधी मूठ घट्ट धरणारा प्रत्येक विद्यार्थी त्याला फुकटात देत असतो.

मधल्या फळीतला विद्यार्थी

सॉक्रेटिसची दुसरी कसोटी, शिष्य. इथेही एक चकवा आहे. प्रत्येक शाळेत एक जण असा असतो की डोळे ठरत नाहीत. शाळेच्या व्हिडिओत तोच असतो. पण तो कुठेही गेला असता तरी तयार झालाच असता. सहा-आठ महिने झालेला, जरा जाडसर, जरा बुजरा असा कुणीतरी बघावा. त्याला बिनधास्त प्रश्न विचारता येतात का? चुकलं तर तो कुणाकडे बघतो? त्याच्याहून नवा आलेल्याशी तो कसा वागतो? मधल्या फळीतली माणसं शाळेचं खरं हवामान सांगतात.

केसोन सिटीतल्या एका गॅरेजमध्ये मी स्पर्धेसाठी तयारी करणारी पोरं पाहिली. हेल्मेट, छातीला गादी, गुण मोजणारा पंच. तिथे लपवालपवी नव्हती. लागलं की लागलं, आणि कुणाला लागलं ते सगळ्यांना दिसत होतं. शिकवणारी बाई स्पष्ट म्हणाली, "हा खेळ आहे. रस्त्याचं मी काही सांगत नाही." या एका वाक्यानं माझा तिच्यावर विश्वास बसला. आपण काय शिकवत नाही हे सांगणारा शिक्षक मिळणं अवघड असतं.

पूर्वी हा प्रश्न आव्हानाच्या लढतींनी सुटायचा. कोण खरा, हे दोन माणसं काठ्या घेऊन ठरवायची, आणि त्यात हाडं मोडायची. खात्रीची पद्धत, पण महाग. शिकवण्यातही तीच कठोरता होती. समोरच्या काठीऐवजी ती धरणाऱ्या हातावरच मारायचं, अशी जुनी रीत. नेग्रोस बेटावरच्या रेमी प्रेसास यांनी (१९३६–२००१) ती बदलली. सरावात काठीवर काठी मारा, म्हणजे नवखी माणसं बोटं सुजवून पळून जाणार नाहीत. त्यांनी आपल्या पद्धतीला मॉडर्न आर्निस नाव दिलं. काठीवर काठी मारली तर खरी कला पातळ होते असा आक्षेप यावर घेता येतो, आणि त्यात तथ्यही आहे, कारण काठीवर मारायची सवय लागली की हाताचं अंतर चुकतं. पण जी कला दर दहातल्या नऊ शिकणाऱ्यांना जायबंदी करून घरी पाठवते, ती दहाव्याबरोबर संपते. कला शुद्ध ठेवायची की शिकणारा शाबूत ठेवायचा, यात प्रेसास यांनी शिकणाऱ्याची बाजू घेतली. मला वाटतं, गुरूची नैतिक जबाबदारी इथूनच सुरू होते.

लुनेटातलं झाड

ऑफिसातल्या एका सुरक्षारक्षकानं शेवटी सांगितलं, "आते, रविवारी सकाळी लुनेटात जाऊन बघा." आते म्हणजे टागालोगमध्ये ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा मला आत्या का म्हणतोय, असं वाटलं होतं. लुनेटा म्हणजे रिसाल पार्क. होसे रिसाल यांना १८९६ साली स्पेननं गोळ्या घातल्या ती जागा. रविवारी तिथे अख्खं शहर लोटतं, आणि त्या गर्दीत झाडांखाली काठ्यांचे टक-टक आवाज येत असतात. बोर्ड एकही नाही.

एका गटाशी मी तीन रविवार नुसती बसून राहिले. शिकवणारे सत्तरीच्या आसपासचे, रबरी चपला घालून. फोटो नाही, प्रमाणपत्र नाही. चौथ्या रविवारी त्यांनी काठी हातात दिली आणि मार म्हणाले. मी मारली. चुकून त्यांच्या बोटांवर बसली. ते हसले, बोटं झटकली आणि बाकीच्यांना बोलावून म्हणाले, "हिनं काय केलं बघा. मी कुठे उघडा पडलो?" पुढची दहा मिनिटं सगळ्यांनी त्यांना तोच वार घालून पाहिला. तीनदा पुन्हा लागला, तरी ते थांबले नाहीत.

मी का शिकतेय, हे त्यांनी महिनाभरानं विचारलं. मी ती बारा मिनिटं सांगितली. ते म्हणाले, आधी रस्ता बदल. उजेडाचा रस्ता लांबचा असला तरी तोच घे. मग जोडीनं निघ. मग पळायला शीक. त्यानंतर उरलंच तर काठी आहे. त्या दिवशी आम्ही अर्धा तास फक्त मागे सरकत वळून पळायचा सराव केला, आणि बागेतली लहान मुलं आम्हाला बघून खिदळत होती.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. लहानपणी मला त्यात वस्तादाचा शहाणपणा वाटायचा. आता त्यात शिष्यावरचा अविश्वासही दिसतो. राखलेल्या डावाच्या जोरावर वस्ताद कायम वरचढ राहतो, आणि त्याला कुणी तपासू शकत नाही. बोटांवर बसलेला फटका सगळ्यांना दाखवणाऱ्या माणसानं तो डावच टेबलावर ठेवला होता.

सॉक्रेटिसच्या दोन कसोट्यांना मी माझ्यापुरती तिसरी जोडते, आणि ती वापरायला कलेतलं काहीही यावं लागत नाही. शिकणाऱ्याकडून शिक्षकाला विरोध झाला, मूठ सुटली नाही, फटका चुकून बसला, तर पुढच्या एका मिनिटात तो काय करतो? कौशल्य मला मोजता येत नाही. पण हातात सत्ता असलेला माणूस ती कशी वापरतो, हे ओळखायचं शिक्षण आपल्याला घरात, शाळेत, ऑफिसात आयुष्यभर मिळालेलं असतं. तिथे आपण नवखे नसतो.

या कसोटीला मर्यादा आहे, हेही खरं. माणूस भला असून त्याची कला कच्ची असू शकते. पण भल्या माणसाची कच्ची कला उघडी पडते, कारण तो ती झाकत नाही. ती उघडी पडली की तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता, आणि तो तुम्हाला जाऊ देतो.

'लाखेस'मध्ये पुढे धैर्य म्हणजे काय यावर चर्चा होते. लाखेस म्हणतो, जागा न सोडता उभा राहतो तो शूर. सॉक्रेटिस विचारतो, मग पळता पळता लढणारे सिथियन घोडेस्वार शूर नाहीत का? निकियास म्हणतो, कशाला भ्यावं आणि कशाला नाही, हे कळणं म्हणजे धैर्य. सॉक्रेटिस त्यातही खोट काढतो आणि व्याख्या काही हाती लागत नाही. शेवटी ठरतं ते एवढंच, की मुलांचं नंतर बघू, आधी या वयात आपणच आपल्यासाठी चांगला शिक्षक शोधू, लोक हसले तर हसू देत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटायचं ठरवून ते उठतात.